खेड्यांतील स्वयंसेवकांचे आगीचे बंब

आगीचा बंब म्हटला म्हणजे मोठ्या शहरांतील बंबखाना, गणवेश घातलेले पगारी जवान आणि घंटा वाजवीत रस्ता मोकळा करून घेणारी लाल गाडी, एवढेंच चित्र आपणांपुढें उभें राहतें. खेड्यांत आग लागली कीं विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावावयाची आणि हातोहात घागरी पोंचवावयाच्या, हा आपल्याकडील जुना परिपाठ. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हजारों खेड्यांजवळ स्वतःचा आगीचा बंब असतो, आणि तो चालविणारे लोक पगारी नसून त्याच गांवचे शेतकरी, सुतार, शिक्षक व दुकानदार असतात. अशा बंबांचीं छायाचित्रें घेणें व एकेका बंबाची जन्मकथा शोधून काढणें हा तेथें एक मान्य छंद होऊन बसला आहे. जुन्या मोटारबंबांच्या जतनासाठीं १९५८ सालीं एक संस्थाहि निघाली. छंद वरवर पोरकट भासेल. तथापि त्यांतून जें हातीं लागतें तें बहुधा अन्य कोणत्याहि दप्तरांत सांपडत नाहीं, असें आम्हांस वाटतें. आणि तें कसें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

स्वयंसेवकांची ही चाल फार जुनी आहे. बेंजामिन फ्रँक्लिन यानें १७३६ च्या डिसेंबरांत फिलाडेल्फिया येथें ‘युनियन फायर कंपनी’ स्थापिली. तिच्या सभासदांनीं पाण्यासाठीं चामड्याच्या बादल्या आणि जळत्या घरांतून चीजवस्तु बाहेर काढण्यासाठीं थैल्या स्वतःच बाळगावयाच्या असत. पुढें वाफेचे बंब निघाले. १८५३ सालीं सिनसिनाटी शहरानें पगारी दल उभारलें, आणि हळूहळू बहुतेक मोठीं शहरें त्याच मार्गानें गेलीं. खेड्यांस मात्र रात्रंदिवस पगारी माणसें ठेवणें परवडणारें नव्हतें, म्हणून तेथें जुनीच चाल राहिली. आगीची वर्दी देण्यासाठीं कित्येक गांवीं रेल्वे-एंजिनाच्या चाकाची जुनी पोलादी धांव टांगून ती हातोड्यानें ठोकीत. (आपल्याकडील अनेक शाळांची घंटा म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडाच नव्हे काय ?) २०२० सालच्या अंदाजाप्रमाणें त्या देशांतील सुमारें १० लक्ष ४१ हजार अग्निशामकांपैकीं ६ लक्ष ७७ हजार, म्हणजे शेंकडा ६५, स्वयंसेवकच होते.

पेट्रोलवर चालणारा मोटारबंब प्रथम एकाद्या बड्या शहरानें घेतला असेल, असें कोणासहि वाटेल. प्रत्यक्षांत सेंट पॉल येथील वॉटरस कारखान्यानें १९०६ सालीं बनविलेला असा पहिला बंब गेला तो फिलाडेल्फियाजवळच्या वेन या गांवीं, रॅडनॉर दलाच्या स्वयंसेवकांकडे. त्यांत दोन एंजिनें होतीं, एक गाडी हांकण्यास व दुसरें पंप चालविण्यास. अमेरिकन लाफ्रान्स या प्रसिद्ध कारखान्याच्या मोटारबंबांच्या नोंदणींतील पहिला क्रमांकहि १९१० सालीं मॅसॅच्युसेट्समधील लेनॉक्स या डोंगराळ गांवाच्या गाडीस पडला. शहरांजवळ घोडे व वाफेचे बंब भरपूर होते. नव्या यंत्राची निकड त्यांच्याहून खेड्यांसच अधिक असावी, असें आमचें मत आहे.

अर्थात् वेन व लेनॉक्स हीं कांहींशीं सधन गांवें. गरीब खेड्यांच्या मदतीस आली ती फोर्डची मॉडेल टी ही स्वस्त गाडी. ती १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती, आणि तिच्यावर पुष्कळदां पंपाऐवजीं ‘रासायनिक टांकी’ बसवीत. या टांकींत खाण्याचा सोडा विरघळलेलें पाणी भरलेलें असे व वर गंधकाम्लाची बाटली असे. बाटली उपडी केली कीं दोहोंच्या संयोगानें कर्बाम्लवायु निर्माण होई आणि त्याच्या दाबानें पाणी नळींतून जोरानें बाहेर पडे. गोटीच्या सोडावॉटरची बाटली फोडतांना जो प्रकार होतो, तोच हा मोठ्या प्रमाणावर. पाणी थोडें, परंतु आग लहान असतांना पोंचलें म्हणजे तेवढेंहि पुरत असे.

खेड्यांतील आगीची खरी अडचण पाण्याचीच. शहरांत रस्त्यारस्त्यांत नळ आहे. शेतावरील गोठा पेटला तर जवळचें तळें एकाद्या मैलावर. या एका अडचणीनें खेड्यांतील बंबास शहरी बंबाहून निराळें रूप दिलें. फळबागांवर औषध फवारणारे पंप बनविणाऱ्या जॉन बीन कंपनीनें तोच पंप आगीच्या गाडीवर चढविला. अति दाबानें निघालेल्या पाण्याचें धुकें होतें. तितकेंच पाणी बारीक कणांत विभागलें गेल्यामुळें उष्णता फार लवकर शोषतें, व थोड्या पाण्यांत काम भागतें. दुसरी युक्ति टांकीगाडीची. दुधाची किंवा तेलाची जुनी गाडी घेऊन तिच्यांत पाणी भरावयाचें, आगीजवळ जमिनीवर घडीचा हौद उघडून त्यांत तें ओतावयाचें, आणि दुसऱ्या बंबानें तें उपसून घेईपर्यंत पुन्हा तळ्याकडे धांव घ्यावयाची. हजार अमेरिकन गॅलन पाण्याचें नुसतें वजन सुमारें ३,८०० किलोग्रॅम भरतें. तें अशा जुन्या गाडीवर लादून वळणाच्या रस्त्यानें नेणें हें काम आग विझविण्याइतकेंच धोक्याचें होय, ही गोष्ट छायाचित्र पाहून कोणाच्या ध्यानांत यावयाची नाहीं.

आतां शोधाची रीत. खेड्यांतील बंबाचे बहुधा दोन जन्म असतात. सांगाडा व एंजिन फोर्ड, शेव्हरोले किंवा इंटरनॅशनल यांचें. त्यावरील टांकी, पंप, शिडी व नळ्यांचे कप्पे दुसऱ्याच कारखान्याचे. इंडियाना संस्थानांतील अँडरसन येथील हाउ कंपनी अशा कामासाठीं नांवाजलेली होती. कित्येक गांवांनीं सांगाडा विकत घेऊन वरचें काम आपल्याच लोहाराकडून करून घेतलें. शिवाय सांगाडा झिजला तरी टांकी धड असे, म्हणून तीच नव्या गाडीवर चढवीत. तेव्हां “हा बंब कोणत्या सालचा ?” या प्रश्नास दोन उत्तरें संभवतात, आणि दोन्ही खरीं असूं शकतात. म्हणून शोध करणारा प्रथम पाट्या वाचतो. सांगाड्याचा क्रमांक एके ठिकाणीं असतो, वरचें काम करणाराची पितळी पाटी दुसरीकडे, व पंपाच्या शक्तीची पाटी पंपाजवळ. १९८१ पासून सांगाड्याचा क्रमांक सतरा अक्षरांकांचा झाला असून त्यांतील दहाव्या स्थानावरून गाडीचें साल कळतें. त्यापूर्वीं प्रत्येक कारखान्याची रीत वेगळी होती.

पाट्या नाहींशा झाल्या असल्या तरी रंग बोलतो. दारावर पूर्वीं सोनेरी वर्खानें लिहिलेलें गांवाचें नांव पुढें रंगाखालीं दडपलें जातें. परंतु उन्हें तिरपीं असतां त्या अक्षरांच्या कडा कित्येकदां उठून दिसतात, आणि आज एका खेड्यांत असलेला बंब पूर्वीं दुसऱ्याच गांवीं चाकरीस होता असें उघडकीस येतें. १९७० नंतरच्या दशकांत रात्रीं चटकन् दिसावा म्हणून अनेक ठिकाणीं बंबांस लिंबासारखा पिवळा रंग देण्याचा प्रघात पडला; पुढें पुष्कळांनीं पुन्हा तांबडा पत्करला. एकाच गाडीचीं तांबडीं व पिवळीं अशीं चित्रें मिळालीं तर त्यांचा क्रम लावण्यास हेंहि साधन होतें.

सर्वांत शेवटीं, आणि आमच्या मतें सर्वांत मोलाचें, दलाच्या सभांचें टिपणपुस्तक. बंबासाठीं पैसा कोठून आला हें त्यांत असतें. सार्वजनिक जेवणें, कोंबडीच्या मेजवान्या, जत्रा, सोडती यांतून डॉलर-डॉलर जमवून गाडी घेतलेली असते, आणि तें रांधण्याचें काम बहुतेक गांवच्या बायकांनींच केलेलें असतें. वृद्ध लोक सालें सांगतात तींहि टिपून घ्यावीं, पण पाटीशीं ताडून पाहावीं. समजा, म्हातारा १९३८ म्हणतो आणि पाटी १९४१ दाखविते. तर म्हातारा खोटें बोलला असें नव्हे. वर्गणी १९३८ सालीं सुरू झाली असेल व त्याच्या लेखीं बंब त्याच दिवशीं गांवाचा झाला असेल. अशा जागीं दोन्ही सालें लिहून ठेवणारा शोधकच आम्हांस विश्वासू वाटतो.

छायाचित्राविषयीं थोडेंसें. परेडींत चकाकणाऱ्या, नव्यानें रंगविलेल्या गाड्यांचीं चित्रें सर्वच घेतात; आम्हांस पोचा पडलेली, चिखल लागलेली चाकरींतील गाडीच अधिक पसंत आहे. स्वयंसेवकांचें ठाणें बहुधा कुलुपबंद असतें, कारण माणसें आपापल्या उद्योगास गेलेलीं असतात. म्हणून आगाऊ कळवून परवानगीनें जावें. गाडी बाहेर काढून, ऊन पाठीशीं घेऊन, समोरची बाजू व एक अंग एकदम दिसेल असें एक चित्र घ्यावें. मग दुसरें अंग, पाठ, पंपाचीं चक्रें व पाट्या. प्रत्यक्ष आगीच्या वेळीं मात्र चित्रकारानें दूर राहावें. तेथें तो अडथळाच असतो.

पूर्वीं हे छंदी लोक कोडाक्रोम फिल्मवर रंगीत पारदर्शिका घेत. पुष्कळ पारदर्शिकांच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर कोडाकच्या प्रयोगशाळेंत महिना व साल उमटविलेलें असे. फिल्म धुतल्याचा तो काळ, घेतल्याचा नव्हे, तरी चित्र त्यानंतरचें नाहीं एवढें निश्चित होई. तें फिल्म २००९ सालीं बंद झालें. आतांचा कॅमेरा तारीख आपोआप नोंदतो, परंतु हा कोणत्या दलाचा बंब, तो कोणाकडून घेतला, पुढें कोठें गेला, हें त्यास ठाऊक नसतें.

आणि आजकाल हेंच लवकर लुप्त होत आहे. १९८४ सालीं त्या देशांत सुमारें ९ लक्ष स्वयंसेवक अग्निशामक होते. २०२० सालचा आंकडा वर दिलाच आहे. माणसें दूरच्या शहरीं कामास जातात, दिवसा गांवांत कोणी नसतें, शिक्षणाचे व परीक्षेचे तास वाढले आहेत. दोन-तीन गांवांचीं दलें एकत्र होतात. मग एका गांवाचें नांव दारावरून पुसलें जातें, टिपणपुस्तक कोणाच्या तरी माळ्यावर पडतें, आणि बंब शेताला पाणी घालण्यासाठीं एकादा शेतकरी घेतो किंवा तो थेट भंगारांत जातो. भंगारवाला पितळी पाट्या आधीं काढतो.

म्हणून जाणते लोक चित्राच्या एका प्रतीच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें गांव, दल, सांगाड्याचा क्रमांक, वरचें काम करणाराचें नांव, चित्र घेतल्याचा दिवस व माहिती सांगणाराचें नांव लिहितात, आणि ती प्रत आपल्या संग्रहांत न ठेवतां ज्या गांवचा बंब त्या गांवच्या ठाण्यांत देऊन येतात.