जुन्या ट्रॅक्टरच्या इंजिनातील आवाजांची पारख

अजिंठ्याच्या परिसरात कपाशी व मका ही महत्त्वाची पिके होत. मृगापूर्वी जमीन तयार करावयाची असते आणि नवा ट्रॅक्टर घेणे सर्वांनाच परवडते असे नाही. सबब अनेक शेतकरी उन्हाळ्यात वापरलेला ट्रॅक्टर खरेदी करतात. त्यात गैर काही नाही. परंतु बैल घेताना दात व चाल पारखून पाहणारा शेतकरी इंजिनाचा आवाज मात्र क्वचितच लक्षपूर्वक ऐकतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा साधारणपणे १६ ते २० पट दाबली जाऊन इतकी तापते की, तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. त्यामुळे थोडी खडखड, विशेषतः थंड इंजिनात, स्वाभाविकच असते. दोष ओळखावयाचा तर आवाज केव्हा येतो, कोठून येतो आणि त्याबरोबर धूर व तेलाचा दाब यांत काय फरक पडतो, ह्या तीन गोष्टी पाहाव्यात.

ऐकण्याची रीत : सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना ते सुरू करावे. विकणाऱ्याने ते आधीच तापवून ठेवले असल्यास पुन्हा थंड होऊ द्यावे. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या न फिरणाऱ्या भागावर टेकवून मूठ कानाशी धरली असता आवाजाची जागा कळते. उपरणे, सैल बाह्या व हात पंख्यापासून दूर ठेवावेत.

आवाज व त्यांचे अर्थ :

१. वरच्या झाकणाखाली हलकी, नियमित टिकटिक : झडपांचे अंतर वाढलेले असते. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदाच उघडते, म्हणून ही टिकटिक इंजिनाच्या गतीच्या निम्म्या वेगाने ऐकू येते. अंतर बसवून घेतले की बहुधा भागते. मात्र अंतर फार कमी ठेवल्यास आवाज येत नाही, पण झडप जळते.

२. थंडपणी ठकठक व तापल्यावर कमी : दट्ट्या व लायनर झिजले आहेत. नांगरटीची धूळ हे त्याचे मोठे कारण. एअर क्लीनर स्वच्छ ठेवावा.

३. तीक्ष्ण ठोका व सोबत काळा किंवा पांढरा धूर : नोझल किंवा पंपाचे टायमिंग तपासून घ्यावे.

४. पुढील बाजूस घरघर : पंख्याचा पट्टा काढून इंजिन क्षणभरच चालवावे. आवाज थांबल्यास पाण्याच्या पंपाचे किंवा डायनामोचे बेअरिंग खराब आहे.

५. तळातून जड धाडधाड, ओझ्याखाली वाढणारी : ह्यालाच फिटर 'रॉड वाजतो' असे म्हणतात. फर्दापूरहून अजिंठ्याचा घाट भरल्या ट्रॉलीने चढताना हा आवाज स्पष्ट होतो. परंतु परीक्षेसाठी घाटात जाऊ नये, सपाट शेतात नांगर लावून पाहावे. आवाजाबरोबर तेलाचा दाबही उतरला असेल तर इंजिन त्याच क्षणी बंद करावे.

कोणता रॉड वाजतो हे ठरविण्यासाठी फिटर जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनात एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट सैल करून त्या सिलिंडरचे डिझेल तोडतो. तोडताच ठोका मंदावला तर दोष त्याच सिलिंडरमध्ये समजावा. हे काम स्वतः करू नये. दाबाने उडणारे डिझेल कातडीत शिरून गंभीर इजा करते.

अशा एका शेतकऱ्याने वापरलेला ट्रॅक्टर घेतला. सौद्याच्या वेळी इंजिन गरम होते व त्यात दाट तेल घातलेले होते, त्यामुळे आवाज दबला. पहिल्याच नांगरटीत तळातून ठोका येऊ लागला. 'एवढे शेत उरकू' म्हणून त्याने आणखी दोन दिवस काम रेटले. त्याच दिवशी थांबता तर बेअरिंगची जोडी बदलून कदाचित निभावले असते. पुढे क्रँकशाफ्ट घासून घ्यावा लागला आणि पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरने करावी लागली.

तात्पर्य, वरून येणारी टिकटिक सवडीने दुरुस्त करता येते, तळातून येणारा ठोका थांबत नाही. खरेदीपूर्वी जाणत्या फिटरला सोबत न्यावे आणि घेतल्यावर रोज सकाळी तेलाची पातळी पाहून, दोन मिनिटे इंजिन ऐकून मगच शेतात जावे.