डे रॉय कुटुंबाचे ट्रक आणि डकारचे बिघाड

नेदरलँड्समधील आइंडहोव्हन शहरालगत डे रॉय कुटुंबाचा मालवाहतुकीचा जुना व्यवसाय आहे. डाफ हा डच ट्रक कारखानाही आइंडहोव्हनचाच. कुटुंबाचे प्रमुख यान डे रॉय (1943–2024) यांनी डकार रॅलीतील ट्रक गटात 1987 मध्ये पहिला क्रमांक मिळवला. त्यांचा मुलगा जेरार्ड 2012 आणि 2016 मध्ये जिंकला. या संघाचा इतिहास सहसा विजयांच्या क्रमाने सांगतात. वास्तविक तो गाडी कुठे मोडली आणि मग काय बदलले, या क्रमाने अधिक नीट उलगडतो.

यान डे रॉय यांची सुरुवात ट्रकने झाली नाही. 1970 च्या दशकाच्या आरंभी ते आणि त्यांचे बंधू हॅरी रॅलीक्रॉसच्या शर्यतींत डाफच्या लहान मोटारी पळवत. घरच्या वापराच्या या मोटारीला त्यांनी ताकदवान इंजिन बसवले आणि चारही चाकांना जोर दिला. कारखान्यातून आली तशी गाडी न पळवता ती आधी खोलायची, मग पळवायची, ही घरची रीत तेव्हाच पडली. घरात ट्रकचा ताफा, त्याच्या देखभालीचे वर्कशॉप आणि हाताशी फिटर असल्यामुळे ही हौस परवडली. धंद्यातल्या ट्रकला शेकडो किलोमीटरचा हमरस्ता रोज विनातक्रार कापायचा असतो. शर्यतीच्या ट्रकला तेच काम रस्ता नसलेल्या जागी करायचे असते.

तेव्हा पॅरिसहून सेनेगलच्या डकारपर्यंत जाणारी ही रॅली 1978 च्या डिसेंबरअखेर प्रथम निघाली. यान डे रॉय 1980 च्या दशकात तिच्यात उतरले, तेव्हा वाळूत ट्रक वेगाने न्यायचा तर ताकद वाढवायची, हा सरळ हिशेब होता. एका इंजिनातून हवी तेवढी ताकद निघेना म्हणून त्यांनी दोन इंजिने बसवली. 1984 च्या ट्रकला तर दोन केबिनही होत्या, एक पुढे तोंड केलेली आणि दुसरी मागे. लोकांनी त्याला ‘दोन डोक्यांचा राक्षस’ म्हटले. पुढच्या वर्षी एका केबिनचा ‘बैल’ आला आणि त्यानंतर ‘टर्बोट्विन’. 1987 चा विजय टर्बोट्विनचा.

दोन इंजिनांची कल्पना दिसते तितकी वेडगळ नव्हती. जड ट्रकचे मोठे डिझेल इंजिन फार ताणले की आधी टर्बो, मग पिस्टन आणि सिलिंडर हेडचे गॅस्केट दगा देते. तीच ताकद दोघांत वाटली तर प्रत्येकावरचा ताण कमी होतो. पण इंजिने दोन झाली की रेडिएटर, पंखे, नळ्या आणि गिअरबॉक्स हेही सारे दुप्पट होते. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त जोर लावू लागली तर चाके एकमेकांशी भांडतात. वजन वाढते, आणि त्या वजनाचे हादरे चासी, पाटे व शॉकॲब्सॉर्बर यांनाच सोसावे लागतात. म्हणजे इंजिनावरचा ताण कमी करून तो गाडीच्या सांगाड्यावर टाकल्यासारखे झाले.

1988 मध्ये हा विचार टोकाला गेला. त्या वर्षीच्या डाफची एकत्रित ताकद सुमारे 1200 अश्वशक्ती होती आणि वेग ताशी 200 किलोमीटरच्या वर जात असे. प्यूजो मोटारीतल्या आरी वातानेन या अव्वल चालकाला मागे टाकणाऱ्या डाफचे चित्रण आजही आवडीने पाहिले जाते. त्याच शर्यतीत नायजरच्या वाळवंटात थेओ व्हान डे रायसेल चालवत असलेला संघाचा दुसरा ट्रक भर वेगात उसळला आणि कोलांट्या खात गेला. दिशादर्शक केस व्हान लूव्हेझाइन आपल्या आसनासह बाहेर फेकले गेले आणि मरण पावले. यान डे रॉय यांनी शर्यत सोडली आणि डाफने रॅलीतून अंग काढून घेतले. ट्रक गटाचे विजेतेपद चेकोस्लोव्हाकियाच्या कारेल लोप्राइस यांच्या तात्रा ट्रकला मिळाले. 1989 मध्ये आयोजकांनी ट्रकची स्पर्धाच ठेवली नाही. ती पुन्हा सुरू झाली, पण दोन इंजिनांचे युग संपले होते. या अपघाताला निव्वळ दुर्दैव म्हणणे पटत नाही. दहा टनांच्या आसपासचे वाहन त्या वेगाने हवेत उडाले, तर खाली येताना त्याला सावरू शकेल असा पाटा किंवा शॉकॲब्सॉर्बर तेव्हा कुणाकडेच नव्हता.

पुढच्या पिढीने प्रश्न उलटा मांडला. गाडी किती पळेल यापेक्षा दोन आठवडे ती काय सोसेल, इकडे लक्ष गेले. जेरार्ड डे रॉय (जन्म 1980) यांना पाठीच्या दुखण्याने छळले होते, आणि त्याचा थेट परिणाम गाडीच्या रचनेवर झाला. युरोपातील बहुतेक ट्रक चपट्या नाकाचे असतात. त्यांत चालक पुढच्या अॅक्सलच्या वर बसतो आणि प्रत्येक खड्डा त्याच्या मणक्यात जातो. जेरार्ड यांनी नाकाडा इव्हेको पॉवरस्टार निवडला. त्यात इंजिन पुढे आणि चालक अॅक्सलच्या मागे असतो, त्यामुळे दणका कमी बसतो. ज्याचे अंग कमी ठेचले जाते तो शेवटच्या दिवशीही गाडी जपून चालवतो, आणि बिघाड टाळण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.

डकारच्या ट्रकमध्ये तिघे बसतात: चालक, दिशादर्शक आणि मेकॅनिक. मोटारीत दोघेच असतात. तिसऱ्याची गरज स्टेपनी पाहिली की कळते. मोठ्या ट्रकचे चाक शंभर किलोंहून जड असते आणि ते वाळूत, टेकायला घट्ट जमीन नसताना, बदलावे लागते. धावत्या गाडीत मेकॅनिकची नजर काट्यांवर असते: पाण्याचे आणि तेलाचे तापमान, टर्बोचा दाब, टायरमधली हवा. मऊ वाळू आली की हवा कमी करायची, दगडगोटे आले की भरायची, आणि हे सारे केबिनमधल्या बटणांनी. हवा फार कमी राहिली तर वळणावर टायर रिमवरून निसटतो, फार जास्त राहिली तर दगडावर फाटतो. टायरचे निम्मे बिघाड खरे तर हवेच्या अंदाजाचे बिघाड असतात, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

बाकीच्या बिघाडांचाही एक स्वभाव आहे. शॉकॲब्सॉर्बर आदळआपट गिळतो म्हणजे तिची उष्णता करतो. तासन्‌तास ही उष्णता साठली की आतले तेल पातळ होते, सील गळते आणि मग सगळा मार पाट्यांवर जातो. पाटा तुटला की अॅक्सल सरकतो आणि प्रॉपेलर शाफ्टचे जोड वाकड्या कोनात फिरू लागतात. म्हणून शेवटी तुटलेला भाग पाहून मूळ दुखणे कळत नाही. टर्बोची रबरी नळी फुटणे हा त्यामानाने भला बिघाड: काळा धूर निघतो, ताकद जाते, पण कारण डोळ्यांना दिसते आणि क्लॅम्प आवळून पुढे जाता येते. खुद्द टर्बोच गेला तर तसे नाही. 2013 मध्ये आघाडीवर असलेल्या जेरार्ड यांना टर्बोने दगा दिला आणि ते चौथे आले. 2014 मध्ये ते दुसरे आले. दोन आठवड्यांच्या शर्यतीनंतर रशियाच्या कामाझ या ट्रक कारखान्याच्या संघातील आंद्रेई कार्गिनोव्ह यांच्याहून अंतर होते 3 मिनिटे 11 सेकंद. तेवढ्या वेळात वाळूतले एक चाकही बदलून होत नाही.

गिअरबॉक्सचा बिघाड सर्वांत वाईट, कारण तो वाटेत खोलता येत नाही. 2018 मध्ये संघाचे अर्जेंटिनाचे चालक फेदेरिको व्हियाग्रा कामाझच्या एदुआर्द निकोलाएव्ह यांच्याशी झुंजत होते. एका टप्प्यानंतर दोघांतले अंतर एका सेकंदावर आले होते. शेवट जवळ आला आणि गिअरबॉक्सने व्हियाग्रांना शर्यतीबाहेर काढले.

अशा वेळी संघाची रचना कामाला येते. टप्प्याच्या मार्गावर बाहेरची मदत घेता येत नाही, पण शर्यतीत असलेला दुसरा स्पर्धक मदत करू शकतो. म्हणून मोठे संघ एक-दोन ट्रक मागून सोडतात. त्यांचे काम जिंकणे नसून सुटे भाग घेऊन पोचणे हे असते. रात्रीच्या तळावर संघाचे मेकॅनिक पहाटेपर्यंत गाडी खोलून जोडतात. मॅरेथॉन टप्प्यात तीही सोय नसते. तिथे दुरुस्ती स्पर्धकांनी स्वतःच करायची. रशियाच्या कामाझमागे अख्खा कारखाना उभा असे. डे रॉय संघाला इव्हेकोचे पाठबळ होते, पण निर्णय कुटुंबाचा असे. स्वतःचा ताफा चालवणाऱ्या माणसाला कोणता भाग किती किलोमीटरला जातो हे कागद न पाहता ठाऊक असते. या संघाचे ट्रक कामाझला नियमित भिडू शकले, त्यात या जाणतेपणाचा वाटा मोठा आहे.

2023 मध्ये कामाझ शर्यतीत नव्हता. तोवर सौदी अरेबियात होऊ लागलेल्या या रॅलीत कारेल लोप्राइस यांचे पुतणे आलेश आघाडीवर होते. वाळूच्या टेकडीमागे उभ्या असलेल्या एका प्रेक्षकाचा त्यांच्या ट्रकच्या धडकेने मृत्यू झाला आणि आलेश यांनी माघार घेतली. विजेतेपद डे रॉय संघाच्या इव्हेकोला, यानुस व्हान कास्टेरेन यांना मिळाले. 1988 मध्ये डे रॉय यांनी शर्यत सोडल्यावर लोप्राइस जिंकले होते. 35 वर्षांनी नेमके उलटे घडले. यंत्राचा बिघाड दुरुस्त करून पुढे जायचे आणि माणूस गेला तर थांबायचे, हा भेद दोन्ही घराण्यांनी पाळला.

2012, 2016 आणि 2023 या तिन्ही विजयी ट्रकमधला दिशादर्शक दर वेळी वेगळा होता. 2023 मध्ये चालकही कुटुंबाबाहेरचा होता. मेकॅनिक मात्र तिन्ही वेळा एकच होता: पोलंडचा दारेक रोडेवाल्ड.