कावीळ उतरली, विषाणूचं काय?

डोळे पिवळे दिसले की भंडाऱ्यातच काय, अख्ख्या विदर्भात पहिला प्रश्न, "कावीळ उतरवून आणली का?" मग गळ्यात माळ पडते, चुन्याच्या पाण्यात हात धुतले जातात आणि पाणी पिवळंधमक! हातचलाखी अशी, की आधी तळव्यांना चोळलेला आंब्याच्या सालीचा रस चुन्यात पिवळा होतो. ठणठणीत पैलवानाचे हात धुवा, तोच रंग. माळ लांबते ती देठं वाळून गाठी सैल पडतात म्हणून. कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू बहुतेकांना आपोआप सोडून जातात. श्रेय मात्र माळेला.

मुळात विषाणू तळहातातून धुऊन निघत नाही. ए आणि ई शौचावाटे बाहेर पडतात, तेही डोळे पिवळे होण्याच्या आधीपासून. 'ई'च्या शोधात पुण्याचा वाटा मोठा. 1955-56 साली यमुनेत सांडपाणी मिसळलं आणि दिल्लीत सुमारे 29 हजार जणांना कावीळ झाली. तेव्हाचे जपून ठेवलेले रक्तनमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या आणि अमेरिकी संशोधकांनी पुन्हा तपासले. 1980 मध्ये उत्तर आलं: हा ए नाही, बी नाही, तिसराच कुणीतरी! पुढे मिखाईल बालायान या रशियन शास्त्रज्ञानं रुग्णांच्या शौचाचा अर्क दह्यातून चक्क पिऊन टाकला. आजारी पडला, मग स्वतःच्याच शौचात त्याला विषाणू सापडला. त्यावरचा त्याचा 1983 चा शोधनिबंध जेवताना वाचू नये.

हिपॅटायटिस 'बी' पकडला जातो तो स्वतःच्या उधळेपणामुळे. खऱ्या विषाणूंपेक्षा कितीतरी पट रिकामी टरफलं तो रक्तात सोडतो. बोटातल्या थेंबभर रक्तावर पट्टीची चाचणी हीच टरफलं शोधते. लाळेतही तो सापडतो, पण एका ताटात जेवल्यानं पसरत नाही. दुसऱ्याचा वस्तरा मात्र नको: वाळलेल्या रक्तात तो सात दिवस तग धरतो.

भंडाऱ्यात आणखी एक गोची आहे. इथे सिकलसेलचे रुग्ण बरेच. त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, त्यानंही डोळे पिवळे होतात. विषाणूचा संबंधच नसतो. उलट ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं, त्यांना बी-सीची तपासणी हवीच. चढवलेल्या रक्तातून संसर्ग जाऊ नये म्हणून रक्तपेढीत प्रत्येक पिशवी बी, सी, एचआयव्ही, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासतात.

'सी'च्या पहिल्या चाचणीला सुईसुद्धा लागत नाही, हिरड्यांवरून फिरवलेला बोळा चालतो. घरच्या घरी करायच्या अशा चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेनं 2024 मध्ये मान्यता दिली. पण ती दाखवते फक्त प्रतिपिंडं, जी बरं झाल्यावरही राहतात. विषाणू अजून आहे का, हे रक्तातल्या त्याच्या आरएनएवरूनच कळतं. असला, तर बहुतेकांना बारा आठवड्यांच्या गोळ्या पुरतात. 2018 पासून भारताच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात तपासणी आणि गोळ्या, दोन्ही फुकट.