जुनी शाळा पाडायची की वाचवायची? आधी ‘या’ गोष्टी समजून घ्या

सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८मध्ये पुण्यातल्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. या वाड्याच्या ताब्याचा वाद अनेक वर्षं न्यायालयात चालला. २०२३मध्ये निकाल लागला, तोवर वाडा मोडकळीस आला होता. डिसेंबर २०२३मध्ये तो पाडावा लागला.

गावोगावच्या बंद शाळांसाठी हा इशाराच आहे. इमारत वाचवून गावाच्या कामी आणायची, तर सुरुवात कुठून करायची?

इमारत कुणाची?

गाव ‘आपली शाळा’ म्हणतं, पण इमारत बहुतेकदा जिल्हा परिषदेची असते. जागा कुणी दान दिली असेल, तर दानपत्रातल्या अटीही पाहाव्या लागतात. वाचनालय, अभ्यासिका किंवा बचत गटासाठी वापर करायचा असेल, तर ग्रामसभेचा ठराव करा आणि जिल्हा परिषदेची लेखी परवानगी घ्या. निर्लेखनाचा, म्हणजे इमारत वापरातून काढून टाकण्याचा प्रस्ताव गेला आहे का, हेही विचारा. तो मंजूर झाला, की पुढची पायरी पाडकामाची असते.

खरा शत्रू कोण?

पाणी. कौल फुटतं, वाशांची टोकं कुजतात, छप्पर खचतं आणि भिंतीचा माथा भिजू लागतो. त्यामुळे पहिला खर्च रंगावर नको, कौलं आणि पाण्याच्या निचऱ्यावर करा. भिंतीत उगवलेला पिंपळ ओढून काढू नका, दगड निखळतात.

भिंत किती पक्की आहे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच तपासून घ्या. भेगेवर काचेची पट्टी चिकटवून ठेवणं ही जुनी पद्धत आजही उपयोगी पडते. काच तडकली, तर भिंत अजून हलते आहे असं समजायचं.

सिमेंटचा गिलावा चालेल?

जुन्या दगडी भिंती अनेकदा चुन्यात बांधलेल्या असतात. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत अडवतं. भिंत वरून गुळगुळीत दिसते, पण आतून कमकुवत होत जाते. अशा भिंतीला चुन्याचाच गिलावा हवा.

दुरुस्तीनंतर काय?

किल्ली कुणाकडे राहणार, वीजबिल कोण भरणार, दर पावसाळ्याआधी छप्पर कोण शाकारणार, हे ठरावातच लिहून घ्या. उद्घाटनाला सगळं गाव येतं. कौलं परतायला कोण येणार, यावर इमारतीचं आयुष्य ठरतं.