थंडीच्या खात्यावर गव्हाणीची उधारी

कार्तिकातली सकाळ. दूध संकलन केंद्रापुढे किटल्यांची रांग, कानाला मफलर, तोंडातून वाफ. यंत्राला दुधाचा नमुना दाखवला की चिठ्ठी बाहेर पडते: फॅट 3.1, एसएनएफ 8.1. दिवाळीच्या आधी याच गोठ्याची फॅट 3.7 लागत होती. किटलीही दोन लिटरनं हलकी झालेली. गायीच्या दुधाचा दर बहुतेक ठिकाणी 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर ठरतो, त्यामुळे खालच्या प्रत्येक पॉइंटला कात्री. "थंडी पडली ना, आता आटणारच," मागचा म्हणतो. पुढचा मान डोलावतो आणि सगळा तोटा थंडीच्या खात्यावर मांडून माणसं घरी जातात.

त्याच महिनाभरात गोठ्यात काय काय झालं ते आठवून पाहा. बांधावरचं पावसाळी गवत वाळलं. हिरवा मका संपला. कारखान्याची मोळी टाकली गेली आणि ऊसतोड टोळ्यांकडून वाढ्याचे भारे दारात येऊ लागले. सोयाबीनचं भुसकट नवं, भरड्याचा मका नवा. गायीचं जवळजवळ सगळं ताट पंधरा दिवसांत बदललं आणि ते बदलताना तिला कुणी विचारलं नाही.

विचारायचं म्हणजे कुणाला? गाय गवत खाते, पण पचवतात ते तिच्या कोटीपोटातले जीवाणू. काही जीवाणू कडब्याचा तंतू फोडणारे, काही भरड्यातला स्टार्च फोडणारे. चारा बदलला की या वस्तीतली माणसंच जणू बदलावी लागतात आणि नवी वस्ती नीट बसायला दोन-तीन आठवडे जातात. दिवाळीनंतरच्या बहुतेक तक्रारींचं मूळ या दोन-तीन आठवड्यांत सापडतं. आता एकेक गैरसमज घेऊ.

गैरसमज 1 : थंडी पडली की दूध आटतंच.

वस्तुस्थिती : आपल्या गोठ्यातली संकरित गाय निम्म्याहून अधिक होल्स्टीन असते आणि होल्स्टीन ही नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीकडची जात. साधारण 5 ते 20 अंश हे तिच्या सुखाचं तापमान. पुण्या-नगरकडची 10-12 अंशांची पहाट आपल्याला बोचते, तिला मानवते. उलट तिला खरा त्रास होतो तो ऑक्टोबर हीटचा. भर दुपारी पारा तिशीच्या वर, जमिनीत ओल, हवेत दमटपणा. तेव्हा गाय धापा टाकते, खाणं कमी करते आणि दूध घसरतं. ही घसरण आपल्या नजरेत भरते नोव्हेंबरात, आणि नाव लागतं थंडीचं.

दुसरं कारण वेताचं. गाय व्याल्यावर सहा ते आठ आठवड्यांत दुधाच्या शिखरावर पोहोचते. पुढे महिन्याला साधारण 8 ते 10 टक्क्यांनी दूध उतरत जातं. जूनमध्ये व्यालेली गाय ऑगस्टात 18 लिटरवर असेल, तर नोव्हेंबरात ती 13 लिटरवर येणं हा तिचा धर्म आहे. म्हणून 'दूध घटलं' म्हणण्याआधी ती कधी व्याली ते पाहावं. पूर्ण गोठ्याची बेरीज पाहून हे कधीच कळत नाही; गायवार वही लागते.

थंडीत जपायचं ते वासरांना. त्यांच्याखाली कोरडा पालापाचोळा हवा आणि वाऱ्याच्या बाजूला गोणपाट हवं. दुभत्या गायीला कोरडी जागा मिळाली की बाकी तिचं ती पाहते.

गैरसमज 2 : वाढं हिरवं आहे, म्हणजे हिरवा चारा झाला.

वस्तुस्थिती : रंग हिरवा असला तरी गुण वेगळा. उसाच्या वाढ्यात प्रथिनं कोरड्या वजनाच्या जेमतेम 5-6 टक्के. लसूणघासात हाच आकडा 18-20 टक्क्यांवर जातो. वाढं गोडसर असल्यामुळे गाय आवडीनं खाते, पोट टरटरून भरतं आणि मालकाला समाधान वाटतं. पण जीवाणूंना वाढायला नत्र लागतो आणि तोच इथं तोकडा. जीवाणू घटले की पचन मंदावतं, मग दूध आणि एसएनएफ दोन्ही उतरतात.

वाढ्यात ऑक्झलेटही असतं. ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून बसतं आणि ते कॅल्शियम गायीच्या कामी येत नाही. महिनोन्‌महिने निव्वळ वाढ्यावर असलेल्या गायीची हाडं झिजतात आणि पुढच्या वेताला ती व्याल्यावर आडवी पडण्याचा धोका वाढतो. काही गावांत वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याची रीत आहे. तिच्यामागचं कारण हेच.

वाढं टाकून द्यायचं असा याचा अर्थ नाही. टंचाईच्या काळात ते मोठा आधार आहे. फक्त ते पूर्ण जेवण समजू नये. निम्म्याच्या आत ठेवावं, कुट्टी करून द्यावं, सोबत लसूणघास किंवा तुरीचं-हरभऱ्याचं भुसकट असावं आणि रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण चुकवू नये.

गैरसमज 3 : दूध घटलं की पेंड वाढवायची.

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत महागडा गैरसमज. ठोकताळा साधा आहे: शरीर चालवायला दीड किलो खुराक आणि दर लिटर दुधामागे 400 ग्रॅम. 10 लिटरच्या गायीला 5.5 किलो झाला. त्यावर अंदाजानं आणखी दोन किलो ओतला की दूध दोन लिटरनं वाढत नाही.

कारण पोटातच आहे. भरडा आणि पेंड झपाट्यानं आंबतात, आम्ल तयार होतं. गाय चारा चघळते तेव्हा दिवसाकाठी शंभरेक लिटर लाळ पोटात जाते आणि ती खाण्याच्या सोड्यासारखी आम्ल मारते. खुराक वाढला, वैरण कमी झाली की रवंथ घटतो, लाळ घटते, आम्ल चढतं. तंतू फोडणारे जीवाणू आधी मरतात. शेण पातळ, चकचकीत होतं, त्यात न पचलेले दाणे दिसतात. काही आठवड्यांनी गाय पाय उचलून टाकू लागते, कारण आम्लाचा मार खुरांपर्यंत पोहोचतो.

म्हणून खुराक वाढवायचाच असेल तर दिवसाला पाव-अर्धा किलोच्या टप्प्यानं वाढवावा आणि दोनऐवजी तीन वेळा विभागून द्यावा. आधी वैरण, मग पेंड हा क्रम मोडू नये. आणि वाढवण्याआधी एक प्रश्न: घटलेलं दूध ऊर्जेअभावी घटलंय की प्रथिनांअभावी? वाढ्यावर असलेल्या गायीला नुसता मक्याचा भरडा वाढवून उपयोग नाही. तिला सरकी पेंड, शेंगदाणा पेंड किंवा चुनी हवी.

गैरसमज 4 : फॅट लागत नसेल तर तेल पाजा, सरकी वाढवा.

वस्तुस्थिती : फॅट नावातच तेलकट असल्यामुळे ही गल्लत होते. दुधातल्या फॅटचा मोठा वाटा चाऱ्यातल्या तंतूपासून तयार होतो. कडबा, सरमाड आंबताना पोटात ॲसिटिक आम्ल तयार होतं आणि कास त्यापासून फॅट बांधते. वरून तेल ओतलं तर ते तंतूवर पातळ थर धरतं आणि जीवाणूंचं काम अडवतं. एकूण खाण्यात स्निग्धांश कोरड्या वजनाच्या 5-6 टक्क्यांवर गेला की फॅट वाढायच्या जागी घटू शकते.

कुट्टीचंही तसंच. पिठासारखी बारीक कुट्टी गाय न चघळताच गिळते. इंच-दीड इंचाचे तुकडे हवेत. पावसाळ्याच्या शेवटचं कोवळं, 80-85 टक्के पाण्याचं गवत भरपूर पडतं तेव्हाही फॅट घसरते. तिथं औषध एकच, रोज चार-पाच किलो ज्वारीचा कडबा.

गैरसमज 5 : मुरघास म्हणजे आंबलेला चारा; दुधाला वास येतो, गाय बिघडते.

वस्तुस्थिती : आंबलेला आहे हे खरं, पण कुजलेला नाही. लोणचं टिकतं तसाच तो आंबट आम्लामुळे टिकतो. दाणा चिकात असताना मका कापायचा, कुट्टी करायची, खड्ड्यात किंवा पिशवीत हवा न राहील इतकी दाबायची आणि वरून बंद करायची. 45 दिवसांनी पिवळसर हिरवा, आंबट-गोड वासाचा मुरघास तयार. कापणीची वेळ साधली का, ते हातानं कळतं: कुट्टीची मूठ आवळून सोडली की गोळा हळूहळू सुटावा आणि तळवा फक्त ओलसर व्हावा. बोटांतून पाणी गळलं तर पीक कोवळं आहे, मूठ उघडताच भुगा झाला तर उशीर झालाय.

दुधाला वास येतो तो मुरघास धार काढायच्या तोंडावर दिल्यामुळे किंवा गोठ्यातच उघडा पडून राहिल्यामुळे. धार काढून झाल्यावर घातला की तक्रार राहत नाही. सुरुवात 5 किलोनं करून दोन आठवड्यांत 15-20 किलोवर न्यावं. ऑगस्ट-सप्टेंबरात भरलेला मुरघास नेमका दिवाळीनंतर उघडतो, हिरवा मका संपून लसूणघास हाती येईपर्यंतच्या पोकळीत.

त्या लसूणघासाचंही सांगायला हवं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरलं की पहिली कापणी 55-60 दिवसांनी, पुढे दर 25-30 दिवसांनी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा आरएल-88 हा वाण अनेकांच्या परिचयाचा आहे. पहिली कापणी आली की दवानं ओला, कोवळा घास उपाशी गायीपुढे टाकण्याचा मोह आवरावा. पोटफुगी तिथंच होते. आधी कडब्याची कुट्टी, मग थोडा सुकवलेला घास.

गैरसमज 6 : थंडीत गायीला पाणी कमीच लागतं.

वस्तुस्थिती : दुधात 87 टक्के पाणी. लिटरभर दुधामागे गायीला तीन-चार लिटर पाणी लागतं, शिवाय तिचं स्वतःचं वेगळं. 12 लिटरच्या गायीला थंडीतही 60 लिटरच्या आसपास पाणी जातं, आणि हिरवा चारा जाऊन कोरडा आला की गरज आणखी वाढते. गाय कमी पिते, कारण आपण सकाळी तिच्यापुढे पत्र्यावरच्या टाकीतलं रात्रभर गारठलेलं पाणी ठेवतो. तीच गाय विहिरीच्या ताज्या, कोमट पाण्यावर तुटून पडते. पहाटे हात घालून पाहावं. आपला हात मागे येत असेल तर तिचं तोंडही येणार.

गैरसमज 7 : थोडीफार बुरशी जनावराला चालते.

वस्तुस्थिती : परतीच्या पावसात भिजलेला मका, शेंगदाण्याची पेंड, ओलसर गोदामातली सरकी पेंड यांवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. गायीनं ते खाल्लं की दिवसभरात त्याचं दुसरं रूप दुधात उतरतं. ते उकळूनही जात नाही. देशात दुधासाठी त्याची मर्यादा किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे प्रश्न फक्त गायीचा नाही, ते दूध पिणाऱ्या पोरांचाही आहे. काळपट, हिरवट, कुबट वासाचा माल वेगळा काढून टाकावा. 'उन्हात वाळवून घालू' हा उपाय नव्हे. ऊन बुरशी सुकवतं, विष तसंच राहतं.

आता ती सुरुवातीची चिठ्ठी पुन्हा वाचा. हिरवा मका गेला, वाढं आलं, प्रथिनं घटली: एसएनएफ 8.1. दूध कमी झालं म्हणून घाबरून भरडा वाढवला, कडबा मागे पडला, पोटात आम्ल चढलं: फॅट 3.1. थंडीचा यात संबंध एवढाच, की हे सगळं तिच्या मोसमात घडलं.

ताट बदलायचंच असतं. ऋतू बदलला की ते बदलणार. पण पहिले तीन-चार दिवस पाव हिस्सा नवा चारा, पुढचे तीन-चार दिवस निम्मा, मग पाऊण, मग पूर्ण. हे बारा-पंधरा दिवस पाळायला एक पैसा लागत नाही; लागतो तो जुना चारा थोडा शिल्लक ठेवण्याचा विचार.

आणि जमतंय की नाही ते पाहायला यंत्र लागत नाही. रात्री नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन गोठ्यात जा, दिवा लावू नका. बसलेल्या दहा गायींपैकी सहा-सात रवंथ करत असल्या पाहिजेत. एकीचा घास मोजा: गिळण्याआधी तिनं पन्नास-साठ वेळा चावला पाहिजे. तीस-चाळीसवरच गिळत असेल, तर उद्या पेंडीचं माप अर्ध्या किलोनं उतरवा आणि कडब्याची पेंढी सोडा. सकाळची चिठ्ठी काय म्हणणार, ते आदल्या रात्री त्या अंधारात ऐकू येतं.