सन १९५६ चा जमाखर्च

धंतोली, नागपूर.

एखाद्या वर्षास मोठें केव्हां म्हणावें? ज्या वर्षीं राजधान्या बदलल्या, कारखाने निघाले आणि कायदे झाले, तें मोठें, असें सामान्यतः समजतात. आमची कसोटी याहून साधी आहे. त्या वर्षानें घराच्या उंबरठ्याआंत काय बदललें, हें पाहून त्याची थोरवी ठरवावी. सन १९५६ स ही कसोटी लावून पाहण्याची आमची वाचकांस विनंति आहे.

त्या वर्षीं देश मोठ्या वेगानें आधुनिक होऊं पाहत होता. एप्रिलांत दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली, त्याच महिन्याच्या ३० तारखेस उद्योगधोरणाचा ठराव जाहीर झाला, ४ ऑगस्टास ट्रॉम्बे येथें ‘अप्सरा’ ही अणुभट्टी चालू झाली आणि १ सप्टेंबरास आयुर्विमा महामंडळ स्थापन झालें. वेगाबरोबर धक्केही बसले. यंत्रसामग्रीच्या आयातीनें परकीय चलनाची गंगाजळी आटूं लागली. भाषावार राज्यरचनेच्या वादांत मुंबईच्या रस्त्यांवर रक्त सांडलें, आणि मुंबईच्याच प्रश्नावरून अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं पदत्याग केला.

नागपुराचा तोटा तर उघड आहे. विदर्भाचें स्वतंत्र राज्य करावें, ही फाजल अली आयोगाची १९५५ ची शिफारस बाजूस राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यांत गेले, आणि १८६१ पासून मध्यप्रांताची राजधानी म्हणून वाढलेलें हें शहर एका दिवसांत राजधानी राहिलें नाहीं. उच्च न्यायालयाचें खंडपीठ येथें राहिलें, १९६० पासून विधिमंडळाचें हिवाळी अधिवेशनही येऊं लागलें; परंतु सचिवालय गेलें तें गेलेंच. वकील, डॉक्टर आणि नोकरदार यांच्या धंतोलीस तें झोंबावें, हें स्वाभाविक होय. त्या दुःखाची आम्ही थट्टा करणार नाहीं.

मात्र जमेची बाजू न वाचतां वही मिटणें हें शहाण्याचें लक्षण नव्हे. राजधानी जाण्याच्या अठराच दिवस आधीं, विजयादशमीस, १४ ऑक्टोबर रोजीं, धंतोलीहून पायीं जातां येईल इतक्या अंतरावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं भदंत चंद्रमणी यांच्याकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि आपल्या लाखो अनुयायांस ती दिली. ६ डिसेंबरास त्यांचें महापरिनिर्वाण झालें. राजधानी सरकारनें दिली होती आणि सरकारनेंच नेली. त्या मैदानावर माणसांस जी प्रतिष्ठा मिळाली, ती नेण्याचें सामर्थ्य कोणत्याही सरकारांत नाहीं.

जमेची दुसरी रक्कमही बाबासाहेबांच्याच कष्टांची आहे. ज्या हिंदु संहितेसाठीं त्यांनीं १९५१ सालीं कायदेमंत्रिपद सोडलें, तिचा वारसाहक्काचा भाग १७ जून १९५६ पासून कायदा झाला. विधवेची मर्यादित मालकी संपून तिला पूर्ण मालकी मिळाली. वडिलांनीं मृत्युपत्र न करतां मागें ठेवलेल्या स्वकष्टार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतका वाटा मिळाला. वडिलोपार्जित मिळकतीच्या सहदायकींत मात्र तिला जन्मतः स्थान नव्हतें, आणि राहत्या घराची वाटणी भाऊ मागेपर्यंत तिला मागतां येत नसे. महाराष्ट्रानें १९९४ सालीं अविवाहित मुलींपुरतें तें दार उघडलें. २००५ च्या दुरुस्तीनें तें देशभर सर्व मुलींस मोकळें झालें, आणि राहत्या घराविषयींची अटही गेली. म्हणजे १९५६ चें अर्धें काम पुरें होण्यास जवळजवळ अर्धें शतक लागलें!

आणि आतां उंबरठ्याआंत पाहूं. धंतोलींतले जुने बंगले पाडून तेथें दवाखाने व उंच इमारती उभ्या राहत आहेत. बंगला विकावयाचा ठरला, कीं बहिणीची आठवण होते. आठवण तिच्या वाट्याची नसते, सहीची असते. “ताई, तुला काय कमी आहे? भाऊजींचें सगळें छान चाललें आहे,” असें म्हणून हक्कसोडपत्र पुढें सरकविलें जातें, आणि माहेर तुटूं नये म्हणून ती तें न वाचतांच सही करते. भाऊबीजेच्या ओवाळणींत मिळणारी साडी ही त्या सहीची किंमत ठरते.

बहिणीनें स्वखुषीनें वाटा सोडला, तर त्यास आमची हरकत नाहीं. परंतु खुषीस माहिती लागते. मिळकतीची किंमत तिला आधीं सांगावी, कागद तिच्या हातीं कांहीं दिवस राहूं द्यावा, तिच्या स्वतःच्या वकिलाचा सल्ला तिला घेऊं द्यावा; आणि ती नाहीं म्हणाली, तरी माहेरचें दार पूर्वींसारखेंच उघडें असावें. एवढें कोणत्याही घरास आजच करतां येईल. त्यासाठीं ना नवा कायदा लागतो, ना सचिवालय.

गेलेल्या राजधानीबद्दल हळहळणाऱ्या घरांनीं, त्याच वर्षीं आपल्या लेकीबाळींस मिळालेलें आपण किती वेळां परत काढून घेतलें, याचा हिशेब एकदां मांडावा. तो चुकता झाला, म्हणजे सन १९५६ हें आमच्या गांवास तोट्याचें वर्ष होतें असें म्हणण्याचें कारण उरणार नाहीं.