पिएमाँतेचीं तांबडीं द्राक्षमद्यें

इटलीच्या वायव्य भागांत, आल्प्सच्या कुशींत, पिएमाँते नांवाचा प्रांत आहे. ‘पर्वताचा पायथा’ हाच त्या नांवाचा अर्थ. तेथील आल्बा शहराभोंवतालच्या टेकड्यांना लांगे म्हणतात. या टेकड्यांवरील तांबड्या मद्यांचें रहस्य मुख्यतः तीन द्राक्षांच्या स्वभावांत आहे.

पहिलें डोल्चेट्टो. नांवाचा अर्थ ‘गोडुलें’. परंतु मद्य मात्र गोड नसतें. हें द्राक्ष तिघांत आधीं पिकतें आणि त्याचें मद्य लवकर पिण्याजोगें होतें. दुसरें बार्बेरा. त्याचा रंग गडद, आंबटपणा भरपूर, तुरटपणा अल्प. हीं दोन रोजच्या जेवणाचीं मद्यें होत. तिसरें नेब्बिओलो. तें लवकर फुटतें, पण पिकतें सर्वांच्या मागून, बहुधा ऑक्टोबरांत. म्हणून भरपूर उन्हाचे दक्षिणाभिमुख उतार त्यासच द्यावे लागतात. त्याच्या मद्याचा रंग फिका. परंतु तुरटपणा इतका कीं, नवें असतां तें जिभेस सोसत नाहीं. काळ हाच त्यावर उपाय.

या एकाच नेब्बिओलोपासून बारोलो आणि बार्बारेस्को हीं दोन विख्यात मद्यें होतात. त्यांचीं नांवें द्राक्षांचीं नव्हेत, गांवांचीं आहेत. कायद्याप्रमाणें बारोलो निदान ३८ महिने आणि बार्बारेस्को २६ महिने मुरवावें लागतें; त्यांपैकीं अनुक्रमें १८ व ९ महिने लाकडी पिंपांत.

आतां प्रश्न असा कीं, लहानशा मळ्याच्या धन्यानें इतका काळ थांबावें कसें? द्राक्षें तोडतांच व्यापारी देईल त्या भावानें तीं विकणें त्यास भाग पडे. आल्बा येथील मद्यविद्यालयाचे प्रमुख डोमित्सिओ काव्हात्सा यांनीं १८९४ सालीं बार्बारेस्कोच्या मळेवाल्यांची सहकारी मंडळी स्थापिली. पुढें फॅसिस्ट राजवटींत ती बंद पडली. १९५८ सालीं गांवच्या पाद्रींनीं १९ लहान शेतकऱ्यांस एकत्र आणून नवी मंडळी उभी केली. तिचें आरंभीचें मद्य चर्चच्या तळघरांत तयार झालें. ती मंडळी आजहि चालू आहे. तळघर, पिंपें आणि थांबण्याची ऐपत एकेकट्याजवळ नव्हती. ती सर्वांनीं मिळून साधली.

तेव्हां या मद्यांच्या किंमतींत रसाबरोबर काळाचेंहि मोल असतें. आणि ज्या शेतकऱ्यास थांबतां येतें, त्याच्याच पदरांत तें पडतें.